एक पुडी, एक गिलास

सरकारी पुरवठ्यात येणारी ओआरएसची पुडी २०.५ ग्रॅमची असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीतून जून ते सप्टेंबर या पुड्या शेकड्याने जातात. पुडी हातात पडताना पेशंटच्या कानावर एवढंच येतं, "पाण्यात टाकून पाजा." किती पाण्यात, हे सांगणं रांग लांब असली की राहून जातं. मागच्या पावसाळ्यात हे राहून गेलेलं एका बाळाच्या जिवावर बेतलं. ती केस अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

यवतमाळ जिल्हा, जूनचा शेवटचा आठवडा, दोन चांगले पाऊस होऊन गेलेले. या दिवसांत हगवण येणारच. नळाचा पाइप नालीतून गेलेला असतो. लाइन गेली की पाइपातला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून नालीचं पाणी आत ओढलं जातं. लाइन आली की तेच पाणी घरोघरी पोचतं. विहिरीत कितीही ब्लीचिंग टाका, घाण मिसळते ती विहिरीच्या पुढे. दरवर्षी आम्ही हे लेखी कळवतो आणि दरवर्षी ब्लीचिंगच्या आणखी गोण्या येतात. पाइप तिथेच राहतो.

त्या दिवशी दुपारपर्यंत हगवणीचे बावीस पेशंट झाले. एकवीस जणांचं नेहमीसारखं पार पडलं. बाविसावं बाळ चौदा महिन्यांचं, वजन ८ किलो. आई-बाप सरकी लावायला शेतात गेलेले, बाळ आजीच्या कडेवर.

आजी म्हणाली, "म्याडम, कालपासून पुडीचं पाणी पाजून रायलो, पण याची तहान काही जाऊन नाही रायली. जेवढं पाजलं तेवढं अजून मागते."

ओआरएस पिणाऱ्या बाळाची तहान दोन-तीन तासांत उतरू लागते. इथे ती वाढत होती. डोळे खोल गेलेले, जीभ सुकलेली, रडणं किंचाळल्यासारखं, उचलून घेतलं तरी न थांबणारं. पोटाच्या कातडीची चिमटी घेतली. इतक्या सुकलेल्या बाळाची चिमटी सावकाश मागे जायला हवी होती. ती लगेच बसली, पण बोटांना कातडी भिजवलेल्या कणकेसारखी गिळगिळीत लागली. नाडी भरलेली, हातपाय कोमट. म्हणजे पाणी कमी झालेलं, तरी रक्ताभिसरण टिकलेलं. रक्तात सोडियम फार चढलं की पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि रक्ताचं आकारमान काही काळ तगून राहतं. त्यामुळे चिमटी फसवते. ही खूण पुस्तकात सगळे वाचतात, पण गर्दीच्या ओपीडीत ती बोटांना लागलीच असं नाही.

सिस्टरांनी शीर शोधून आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाइनची, बाटली टांगून ठेवली होती. तयारी अगदी योग्य होती. तीव्र निर्जलीकरण समजून प्लॅन-सी, म्हणजे शिरेतून झपाट्याने सलाइन द्यायची ठरलेली पद्धत, लावला असता, तर एक वर्षावरच्या मुलाला किलोमागे १०० मि.ली., म्हणजे ८०० मि.ली. तीन तासांत गेलं असतं. मी बाटली बंद ठेवायला सांगितली आणि आजीला विचारलं, "पुडी कशात कालवता?"

"गिलासात."

"किती गिलास पाण्यात एक पुडी?"

"एकाच. मागच्या साली असंच तं सांगतलं होतं."

स्टीलचा तो गिलास काठोकाठ भरला तर २०० मि.ली.चा. पाचपट दाट द्रावण. दीड दिवसात तीन पुड्या, म्हणजे तीन गिलास, म्हणजे ६०० मि.ली. मध्यम निर्जलीकरणात प्लॅन-बीने, म्हणजे तोंडाने ओआरएस द्यायच्या पद्धतीने, बाळाला द्यायचं असतं ते किलोमागे ७५ मि.ली., चार तासांत. ८ किलोला बरोबर ६०० मि.ली. त्या घराने द्रव जवळपास तेवढाच दिला, तोही चमच्याचमच्याने, न कंटाळता. चुकला तो फक्त दाटपणा.

हे समजून घ्यायला आतड्यात शिरावं लागतं. मोठ्या माणसाच्या लहान आतड्यात दिवसाकाठी सुमारे ९ लिटर पाणी उतरतं. तोंडाने घेतलेलं त्यात जेमतेम दोन लिटर. बाकीचं शरीर स्वतःच सोडतं: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा आपला स्राव. यातलं बहुतेक सगळं लहान आतडंच परत ओढतं, उरलेलं मोठं आतडं, आणि शौचावाटे जातं १०० ते २०० मि.ली. म्हणजे हगवणीत पाणी कुठून तरी नवं येत नाही. रोजचा जमाखर्च थोडा बिघडला की लिटरच्या लिटर वाहून जातं.

हे ओढण्या-सोडण्याचं काम आतल्या अस्तरावरचे अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे अंकुर करतात. टोकाकडच्या पेशी पाणी ओढतात, बुडाशी खळग्यांतल्या पेशी सोडतात. कॉलऱ्याचं विष बुडाच्या पेशींतला क्लोराइडचा दरवाजा उघडा अडकवून ठेवतं आणि पाणी बदाबदा बाहेर येतं. रोटाव्हायरस टोकंच मारतो, गुरांनी पऱ्हाटीचे शेंडे खुडावेत तशी. खुडलेलं भरून यायला वेळ लागत नाही, अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्याने येतात. तोवर माणूस सुकू नये, एवढंच आपलं काम.

आणि त्यासाठी आतड्यात एक वाट शाबूत राहते. टोकाकडच्या वाचलेल्या पेशींवर एक वाहक प्रथिन आहे, ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज सोबतच आत घेतं. एकट्या सोडियमसाठी ते हलत नाही, एकट्या ग्लुकोजसाठीही नाही. दोन्ही आत गेले की पाणी मागोमाग जातं. कॉलऱ्यातही हे प्रथिन चालू असतं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर तिच्या जोरावर कॉलऱ्याच्या पेशंटना तोंडाने पाणी दिलं. तिथे द्रावण पिंपांत कालवलेलं असायचं. माप एकदाच, जाणत्या हाताने. पुडी घरी गेली तेव्हा ते माप आईच्या हाती गेलं, आणि घरात लिटरचं भांडं आहे की नाही, हे कुणी विचारलं नाही.

पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९. लिटरभर पाण्यात हे विरघळलं की विरघळलेल्या कणांचं मोजमाप येतं २४५. रक्ताचं असतं २९० च्या आसपास. आधीच्या सूत्रात ते ३११ होतं, २००२ मध्ये मुद्दाम रक्ताच्या खाली आणलं, म्हणजे पाणी आतड्यातून रक्ताकडे सहज वाहतं. आता तीच पुडी गिलासभर पाण्यात टाका. कणांचं माप १,२२५. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पेशींमधले सांधे सैल असतात, तिथे दोन्ही बाजू सारख्या करायला रक्तातलं पाणी आतड्यात धावतं. हगवण वाढते. त्याच वेळी सोडियम मात्र आपल्या वाटेने आत जात राहतं. तीन पुड्यांत सोडियम २२५ मिलिमोल. ८ किलोच्या बाळाला ते सुमारे दहा दिवसांना पुरतं. पाणी बाहेर, मीठ आत, म्हणून तहान. तहान लागली म्हणून अजून एक गिलास. आजीचं बोलणं अक्षरशः खरं होतं.

एक वाजता आई शेतातून धावत आली, हातापायाला चिखल तसाच. तिच्या पिशवीत बाळाचं कार्ड होतं आणि कार्डाच्या घडीत एक जुनी रिकामी पुडी. गेल्या वर्षी मोठ्या मुलीला हगवण लागली तेव्हा तालुक्याच्या मेडिकलमधून आणलेली. मी ती आमच्या पुडीशेजारी ठेवली. मेडिकलची पुडी चार ग्रॅमच्या आसपासची होती, २०० मि.ली. पाण्यासाठी. तिला कुणीतरी नीट सांगितलं होतं, एक पुडी एक गिलास. तिने ते वर्षभर नीट लक्षात ठेवलं होतं. दोन्ही पुड्यांवर नाव तेच, पाण्याचं माप तिळाएवढ्या इंग्रजी अक्षरांत. ज्यांनी ही पाकिटं छापायला मंजुरी दिली, त्यांनी ती एकदा चष्मा काढून वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

तेवढ्यात बाळाला झटका आला. डावा हात, मग सगळं अंग. कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, नाकात झटका थांबवणारं मिडाझोलाम किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. दोन मिनिटांत थांबला. ग्लुकोमीटरवर साखर १४२, म्हणजे साखर उतरून आलेला झटका नव्हता. सोडियम मोजायची सोय आमच्याकडे नाही. जिल्ह्याला पाठवायचं ठरलं, अंतर ६० किलोमीटर.

रेफर चिठ्ठीवर सहसा "निर्जलीकरण, पुढील उपचारासाठी" एवढंच लिहून पाठवतात. मला ती सवय घातक वाटते. या चिठ्ठीत मी पहिल्या ओळीत लिहिलं: पाचपट दाट ओआरएस, दीड दिवसात ६०० मि.ली., झटका एकदा, सोडियम आधी पाहा, झपाट्याने उतरवू नका. चिठ्ठीवर न थांबता वॉर्डातल्या डॉक्टरांना फोनही केला. कारण धोका पुढच्या टप्प्यावर असतो. सोडियम चढतं तेव्हा मेंदूच्या पेशी आधी आक्रसतात, बारीक शिरा ताणल्या जातात. मग त्या पेशी तगण्यासाठी स्वतःच्या आत विरघळणारे पदार्थ साठवतात. अशा वेळी भराभर पाणी दिलं तर ते मेंदूत घुसतं आणि सूज येते. उतार २४ तासांत १० ते १२ मिलिमोलच्या आत ठेवायचा. आजीला मात्र बंद बाटली दिसत होती. "सलाइन लावा ना, म्याडम," ती तीनदा म्हणाली. आपल्याकडे धावती बाटली म्हणजे उपचार, हे खाजगी दवाखान्यांनी लोकांच्या मनात इतकं पक्कं केलं आहे की थेंबथेंब देणं हा निष्काळजीपणा वाटतो.

सोडियम १६८ निघालं. साधारण १३५ ते १४५ असतं. तिसऱ्या दिवशी १४६ वर आलं, सातव्या दिवशी बाळ घरी. पुन्हा झटका आलेला नाही. सोळाव्या महिन्यात धरून चालू लागलं. बोलणं आणि हातांची पकड दोन वर्षांचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी बघायची आहे.

खिडकीतलं वाक्य आम्ही बदललं. आता पुडीसोबत लग्नाकार्यातून गोळा केलेली, धुतलेली एक लिटरची रिकामी बाटली दिली जाते. फार्मासिस्टला हे वाढीव काम वाटतं, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. डब्यातल्या गोड पेयांवर ओआरएस लिहायला २०२५ च्या ऑक्टोबरात बंदी आली, ते फार आधी व्हायला हवं होतं. पण खऱ्या पुडीच्या दोन मापांचा घोळ तसाच आहे.

बाळ घरी आल्यावर आशाताईंसोबत त्या घरी गेले. पाणी प्यायचा गडवा मोजला, ७५० मि.ली. निघाला. लिटर मावेल असं एकच भांडं होतं, दुधाचा गंज. बाटलीने लिटरभर पाणी त्यात ओतलं आणि पाणी जिथे टेकलं तिथे आतून खिळ्याने आडवी रेघ मारली. आजीला ती डोळ्यांनी दिसेना. तिने पाणी ओतून टाकलं, गंजात हात घातला आणि बोट फिरवत रेघ सापडेपर्यंत चाचपत राहिली. सापडल्यावर सुनेचा हात धरून तोही आत घातला.