शून्याचा रकाना आणि माझी तीन मिनिटं

२०२५चा जानेवारी. सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठायच्या बेतात होती आणि आमच्या कारखान्यात दोन पाळ्यांची एक पाळी झाली होती. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल विणतो. त्या सकाळी पेपरात बारीक टायपातली लांबलचक जाहीर सूचना होती: वीज वितरण कंपनीने पुढच्या पाच वर्षांच्या दरांसाठी नियामक आयोगाकडे याचिका केली आहे, हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. अशा सूचना मी वीस वर्षं बघतोय, आणि वीस वर्षं त्यांच्यावर भजी खातोय. त्या दिवशी मात्र महिन्याचं बिल शेजारीच पडलं होतं, त्यामुळे वाचली.

आमचा जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा कारागीर, म्हणाला, "कशाला डोकं फोडून घ्यालाव, मालक? बिल भरा, मोकळं व्हा." त्याचं बरोबर होतं. तरी मी हरकत टाकली, पुण्याला सुनावणीत जाऊन बोललो, आणि ज्या मुद्द्यावर बोललो तो मुद्दा निघाला भलताच. कुणाला पुढच्या खेपेला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आधी एवढं सांगतो की हरकत द्यायला वकील लागत नाही. २००३च्या वीज कायद्यातच आहे की लोकांच्या हरकती-सूचना विचारात घेतल्याशिवाय दराचा आदेश काढता येत नाही. हरकत मराठीतही चालते. तोंडी बोलायचं असेल तर तसं अर्जात लिहायचं. मुलीने याचिका उतरवून दिली. शेकडो पानं. पहिले चार दिवस मी नुसता वर-खाली करत होतो, जत्रेत पोरगं हरवल्यासारखा.

मग वीज खरेदीचा तक्ता सापडला आणि मी तिथेच बसलो. कारखानदाराला कच्च्या मालाचा भाव दिसला की त्याला बाकीचं काही दिसत नाही. वितरण कंपनी कोणत्या केंद्राकडून किती वीज घेते आणि त्याचे किती देते, ओळीने लिहिलेलं. दोन रकाने महत्त्वाचे: स्थिर आकार आणि अस्थिर आकार. अस्थिर म्हणजे मुख्यतः इंधन. जेवढी वीज घेतली तेवढे पैसे. स्थिर म्हणजे कर्जाचं व्याज, घसारा, पगार, देखभाल, मालकाचा परतावा. केंद्र चालायला तयार असेल आणि तुम्ही वीज घेतली नाहीत तरी हा द्यावाच लागतो. जागेचं भाडं जसं कारखाना बंद ठेवला तरी चुकत नाही.

आपलं सोलापूरजवळचं फताटेवाडीचं कोळशाचं वीज केंद्रही त्यात होतं. ६६० मेगावॅटचे दोन संच, मिळून १३२०. कोळसा रेल्वेने लांबून येतो, पाणी उजनीतून. त्याच्या दोन्ही रकान्यांत आकडे. कोळशाच्या सगळ्याच केंद्रांचं तसं. मग आले तारापूर आणि काक्रापार, म्हणजे अणुवीज. तिथे स्थिर आकार: शून्य.

मला वाटलं, घावलं! एवढं महागडं केंद्र, आणि स्थिर खर्च शून्य? एक तर छपाईची चूक, नाहीतर लपवालपवी. हरकतीत पहिला मुद्दा हाच घ्यायचा म्हणून मी कागद घेऊन आमच्या गल्लीतल्या सरांकडे गेलो. सर म्हणजे शिक्षक नव्हेत, औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले इंजिनिअर, पण गल्ली त्यांना सरच म्हणते.

सर हसले. "अहो, चूक नाही ती. अणुवीज एकेरी दराने विकतात. सगळा खर्च गोळा करून एका युनिटच्या भावात घालतात. म्हणून स्थिरचा रकाना रिकामा."

"म्हणजे स्थिर खर्च आहे?"

"जवळजवळ तोच आहे."

युरेनियमचा खर्च एकूण भावात लहान असतो. जड पाण्याच्या अणुभट्टीत ते जड पाणी, म्हणजे भट्टीत लागणारं खास पाणी, तेसुद्धा सरकारकडून भाड्याने घेतलेलं असतं, त्याचं भाडं भावात. पुढे केव्हातरी भट्टी मोडीत काढायची, तिच्यासाठी युनिटमागे २ पैसे बाजूला टाकतात, तेही भावात. (२ पैसे! सर हा आकडा सांगून थोडा वेळ गप्प बसले.) पण सगळ्यात मोठा वाटा बांधकामाचा आणि बांधकाम चालू असताना चढत गेलेल्या व्याजाचा. ज्या विजेत स्थिर खर्च सर्वात जास्त, तिच्याच पुढे तक्त्यात शून्य.

बांधकामातलं व्याज मला कुणी शिकवावं लागत नाही. कोविडच्या आधी मी कर्ज काढून रॅपिअर माग घेतले. माग आले, पण शेडचा एक परवाना अडकला. चौदा महिने माग ताडपत्रीखाली. सूत नाही, मजुरी नाही, वीज नाही, एकही टॉवेल नाही. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. शेवटी माग सुरू झाले तेव्हा पहिल्या टॉवेलच्या अंगावर त्या चौदा महिन्यांचं ओझं होतं, आणि बाजार काही त्याचा जास्त भाव देत नव्हता. सरांनी वहीत गणित मांडलं: नऊ टक्क्यांनी शंभर रुपये आठ वर्षांत दोनशे होतात. माझी चौदा महिन्यांत ही गत, तर अणुभट्टीला दहा-बारा वर्षं लागली तर?

लागलीच आहेत. गुजरातमधल्या काक्रापारचे तिसरा-चौथा संच, प्रत्येकी ७०० मेगावॅट, संपूर्ण देशी. मंजूर खर्च ११,४५९ कोटी. बांधकाम सुरू झालं २०१०मध्ये, व्हायचं होतं २०१५पर्यंत. तिसरा संच व्यापारी तत्त्वावर चालू झाला जून २०२३ला, चौथा मार्च २०२४ला. लोकार्पण झालं तेव्हा खर्चाचा आकडा होता २२,५०० कोटींच्या वर. तमिळनाडूत कुडनकुलमचे पहिले दोन संच: करार १९८८चा, बांधकाम २००२पासून, पहिला संच व्यापारी तत्त्वावर २०१४च्या शेवटच्या दिवशी. मधल्या काळात लोकांचं आंदोलन, न्यायालय. १३,१७१ कोटींचे २२,४६२ कोटी झाले.

मी म्हटलं, सर, म्हणजे आपल्याकडचा सरकारी ढिसाळपणा. त्यांनी मान हलवली. फ्रान्सची अर्ध्याहून जास्त वीज अणुभट्ट्यांतून येते. त्यांच्या फ्लामानव्हिलला २००७मध्ये नवी भट्टी धरली, पाच वर्षांत आणि ३.३ अब्ज युरोत करतो म्हणाले. ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४मध्ये, आणि कंपनीचाच आकडा १३.२ अब्जांवर गेलेला. फिनलंडला त्याच जातीची भट्टी २००५ ते २०२३. अमेरिकेत जॉर्जियात दोन भट्ट्या १४ अब्ज डॉलरवरून ३० अब्जांच्या पुढे गेल्या आणि मधेच भट्टीवाली वेस्टिंगहाऊस दिवाळखोरीत. एकच नमुना पुन्हा पुन्हा, त्याच माणसांकडून बांधून घेणाऱ्या कोरियाला हे बऱ्यापैकी जमलं. मागाचंही तसंच असतं. पहिला रॅपिअर बसवायला आम्हाला तीन आठवडे लागले, सहावा चार दिवसांत बसला. आपल्या सरकारने २०१७मध्ये ७०० मेगावॅटच्या दहा भट्ट्या एकदम मंजूर केल्या त्या याच हिशेबाने.

आता राजकारण. फ्रान्सची तीच जात आपल्या राजापूर तालुक्यात माडबनला यायची आहे, जैतापूर प्रकल्प म्हणून. १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९९००. म्हणजे साडेसात फताटेवाड्या एका सड्यावर. करार झाला डिसेंबर २०१०ला, तीन महिन्यांत जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात, आणि एप्रिल २०११मध्ये आंदोलनात गोळीबार होऊन एकाचा जीव गेला. पुढे हेक्टरी मोबदला २२.५ लाखांपर्यंत वाढवला. माझे साडू राजापूरकडचे. त्यांच्या घरात एका भावाने धनादेश घेतला, दुसऱ्याने हयातीत नको म्हणून सांगितलं, आणि गणपतीत दोघं एकाच आरतीला वेगवेगळ्या कोपऱ्यात उभे. भट्टी अजून उभी राहिलेली नाही. भांडण पंधरा वर्षांचं झालं.

आणि कोकण म्हटलं की आमच्या पिढीला एन्रॉन आठवतोच. गुहागरचा तो प्रकल्प अणूचा नव्हता, पण धडा तोच होता: वीज घ्या न घ्या, पैसे द्या. विरोधात असताना समुद्रात बुडवायची भाषा, सत्तेत आल्यावर नवा करार, आणि मे २००१मध्ये वीज मंडळाने ती महाग वीज घेणंच थांबवलं. त्यानंतर महाराष्ट्रात कुठल्याही पुढाऱ्याला "आधी करार, मग भाव" हे तोंडावर म्हणायची सोय राहिली नाही. म्हणून भाव सांगायचंच टाळतात, असं माझं मत. सरांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, भाव त्यांनाही माहीत नसतो.

हे चालू असतानाच १ फेब्रुवारीचा अर्थसंकल्प आला. २०४७पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट). तेव्हा देशात होती आठ गिगावॅटच्या थोडी वर. छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला २०,००० कोटी, आणि कायदे बदलणार. त्यातला २०१०चा कायदा अपघाताच्या भरपाईचा होता. भट्टी चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटींपर्यंत, पण सदोष यंत्र पुरवलं असेल तर पुरवठादाराकडून वसूल करायचा हक्क त्यात होता. भोपाळ डोक्यात ठेवून घातलेलं कलम. परदेशी कंपन्या त्यावरच अडल्या होत्या. (डिसेंबर २०२५मध्ये संसदेने जुने कायदे काढून नवा केलाय आणि खासगी कंपन्यांना दार उघडलंय. माझी सुनावणी त्याआधीची.)

मी काही अणुविरोधी नाही. रात्रपाळीला छतावरचं सोलर माग ओढत नाही, आणि कोळशाच्या केंद्राला पाणी उजनीतून जातं त्याच उजनीकडे आम्ही चार-चार दिवस नळाला टक लावून बघतो. तारापूरच्या १९६९च्या जुन्या संचांनी कितीतरी वर्षं स्वस्त वीज दिली. माझा प्रश्न एवढाच: उशिराचं व्याज कोण भरतो, आणि ते वेगळं लिहून का दाखवत नाहीत? फताटेवाडीच्या उशिराचा हिशेब मागायला निदान केंद्रीय वीज नियामक आयोग आहे. पान न पान तपासतात, उशीर कुणामुळे झाला ते ठरवतात, कधी व्याज कापतात. अणुविजेचं काय?

हरकत मी हीच लिहिली. दोन पानं. मुलीने पहिला मसुदा वाचून विचारलं, "बाबा, यात टॉवेल किती वेळा आलाय?" नऊ वेळा. सात काढले. फाईल चढवायला दोन रात्री गेल्या, कारण स्कॅन फार जड झालं होतं. शेवटी साध्या टाईप केलेल्या कागदाने काम झालं. एक प्रत वितरण कंपनीला.

सुनावणीला पुण्यात हॉल भरलेला. छतावरच्या सोलरवाल्यांची गर्दी मोठी, आणि ते तयारीने आलेले. माझा नंबर जेवणाच्या तोंडावर आला, म्हणजे सगळ्यात वाईट वेळ. तीन मिनिटं. घसा कोरडा पडला, तरी शून्याचा रकाना, काक्रापारचे दोन आकडे आणि ताडपत्रीखालचे माग एवढं बोललो. ताडपत्रीला थोडे हसले.

वरून शांतपणे उत्तर आलं की मुद्दा नोंदवून घेतलाय, मात्र अणुविजेचा दर ठरवणं या आयोगाच्या कक्षेत येत नाही.

मी खाली बसलो. शेजारचे इचलकरंजीचे यंत्रमागवाले कुजबुजले, "तुम्ही दुसऱ्याच्या दुकानात येऊन तिसऱ्याचा भाव विचारलात."

नंतर कंपनीचं लेखी उत्तरही आलं, सभ्य आणि चार ओळींचं. अणुविजेचा दर तेव्हाच्या १९६२च्या अणुऊर्जा कायद्याखाली केंद्र सरकार ठरवायचं. सरांनी मला तो कायदा काढून दाखवला, कलम २२. राज्याचा आयोग नाही, दिल्लीतला केंद्रीय वीज आयोगही नाही. अणुऊर्जा खातंच केंद्रीय वीज प्राधिकरणाशी सल्लामसलत करून भाव काढायचं. भट्टी बांधणारी कंपनी त्याच खात्याची. वर जाहीर सूचना नाही, हरकतीला एकवीस दिवस नाहीत, पुण्याचा हॉल नाही. आयोगापुढे तो भाव यायचा तेव्हा तयार होऊन यायचा, आणि आयोग तो तसाच बिलात सरकवायचा. मी सरांना म्हटलं, हे तुम्हाला आधीच माहीत होतं? म्हणाले, "हो. पण सांगितलं असतं तर तुम्ही गेला नसता."

जायचं असेल त्यांच्यासाठी: याचिका पहिल्या पानापासून वाचू नका, वीज खरेदीचा तक्ता आधी काढा. एकच मुद्दा घ्या. बोलायचं घरी मोबाईलवर वेळ लावून म्हणून बघा, तीन मिनिटं फार लहान असतात. जेवण बरोबर ठेवा. आणि सोलापूर-पुणे हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट आठ दिवस आधी काढा. मी परतीचं काढलं नव्हतं, दौंडपर्यंत दाराशी उभा होतो.