दोन मिलिमीटरची तबली

वाद्यं बनवणाऱ्यांवर लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक लेखात ‘लाकूड आपल्याशी बोलतं’ हे वाक्य सापडतंच. स्पेनमधल्या ग्रानादात मी ज्यांच्याकडे गिटार बनवायला शिकलो, त्या माएस्त्रोंसमोर कोणी असं काही म्हटलं की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, ‘कुठल्या भाषेत?’ सत्तरी ओलांडलेला माणूस, हयात लाकडात गेलेली. पण त्यांच्या टेबलावर काय, तर जाडी मोजायचं मापक, हवेतली आर्द्रता दाखवणारं घड्याळ, स्वयंपाकघरात असतो तसला इलेक्ट्रॉनिक काटा आणि कोपरे दुमडलेली एक जाड वही. अध्यात्म कुठेही नाही.

मी मूळचा सांगलीचा. दहा किलोमीटरवर मिरज, जिथे दीडशेपेक्षा जास्त वर्षं सतारी-तंबोरे बनताहेत. सतारमेकर हेच तिथल्या घराण्यांचं आडनाव. 2024 साली तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे मी माद्रिदची नोकरी सांभाळत, सुट्ट्या साठवून ग्रानादाला गिटार बनवायला शिकतोय हे कळल्यावर आमची आत्या म्हणाली, ‘अरे, वाद्यच करायचं होतं तर मिरजेला बसनं जाऊन आला असतास की!’ यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

ग्रानादात आल्हंब्राच्या जुन्या किल्ल्याकडे चढत जाणारा एक रस्ता आहे, कुएस्ता दे गोमेरेस. गिटार बनवणाऱ्यांच्या दुकानांसाठी तो प्रसिद्ध. काचेतून आत डोकावलं की कोणीतरी मान खाली घालून काहीतरी तासत असतं. आमचे माएस्त्रो त्या रस्त्यावर नव्हते. ते आतल्या एका बोळात होते. त्यांच्या मते चढावर भाडं जास्त आणि फोटो काढणारे त्याहून जास्त.

सुरुवातीला गिटार नाहीच. धार. रंध्याचं पातं, पटाशी, पुन्हा रंध्याचं पातं. मग स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या दोन पातळ फळ्या हातात आल्या. एकच जाड फळी उभी चिरून तिचे दोन भाग शेजारी शेजारी उघडायचे, म्हणजे डावीकडच्या रेषा उजवीकडे हुबेहूब उलट्या येतात. त्या जोडायच्या कडा रंध्याने सरळ करायच्या, एकमेकींना टेकवायच्या आणि खिडकीसमोर धरायच्या. फटीतून केसाएवढा जरी उजेड आला, तरी पुन्हा रंधा. इथे डिंकाने फट भरून काढायची सोय नाही. माएस्त्रो लांबूनच बघायचे आणि नुसती मान हलवायचे, आडवी.

जोडलेली ही फळी म्हणजे सतारीत जिला तबली म्हणतात ती, तारांखालची वाद्याची दर्शनी बाजू. गिटारचा सगळा खेळ हिच्यावर. जोडतो तेव्हा ती चारेक मिलिमीटर जाड असते. तिला रंधत, खरवडत दोन-सव्वादोन मिलिमीटरपर्यंत आणायचं आणि मग आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या. आता हिशेब बघा. नायलॉनच्या सहा तारा स्वरात लावल्या की त्यांचा एकूण ओढा साधारण 40 किलो भरतो. म्हणजे बारा वर्षांचं एक पोर त्या दोन मिलिमीटरच्या लाकडावर कायमचं लोंबकळतंय. आणि एवढं होऊनही तबलीने ताठ राहायचं नाही, तारेच्या प्रत्येक छेडीला हलायचं आहे. ‘न मोडणारी गिटार कोणीही करेल,’ माएस्त्रो म्हणायचे, ‘फर्निचरवाला तर फारच छान करेल.’ कारखान्यातल्या स्वस्त गिटारी मुक्या का असतात, हे मला तिथे कळलं. त्यांना वॉरंटी द्यायची असते, म्हणून तबली जाड. मोडत नाही आणि बोलतही नाही. (बोलतही नाही, असं मी आत्ता लिहून गेलो. माएस्त्रोंना मराठी येत नाही, हे बरं.)

जाडी उतरवताना ठरावीक क्रम असे. थोडं खरवडा, मग तबली दोन्ही हातांत धरून उभी वाकवून बघा, आडवी वाकवून बघा, एका कोपऱ्याला चिमटीत धरून बोटाच्या पेराने टकटक करा, काट्यावर ठेवा, जाडी मोजा आणि सगळं वहीत लिहा. तारीख, आर्द्रता, ग्रॅम, मिलिमीटर. शेवटच्या रकान्यात कानाला काय वाटलं ते. या रकान्याची मला गंमत वाटे. बाकीचे आकडे दशांशापर्यंत आणि इथे मात्र ‘झोपलेली’, ‘कालच्यापेक्षा बरी’, ‘पत्रा’ असले शेरे. ‘कानाला वाटतं ते लिही आणि काट्यावर दिसतं तेही लिही,’ ते सांगायचे. ‘दहा गिटारी झाल्या की दोघांची ओळख होते.’

आधुनिक गिटारचा साचा ज्याच्या नावावर आहे, त्या आंतोनियो दे तोरेसबद्दल (1817 ते 1892) एक आख्यायिका सांगतात. त्याला गुपित विचारलं, तेव्हा तो म्हणे अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळत म्हणाला, माझं गुपित या दोन बोटांत आहे, ते मागे ठेवता येत नाही. ही गोष्ट मी मोठ्या भक्तिभावाने माएस्त्रोंना सांगितली. त्यांनी जाडीचं मापक उचलून माझ्यासमोर उघडमीट केलं. ‘हीही दोनच बोटं आहेत. फक्त ही म्हातारी होत नाहीत.’

तरीसुद्धा एकदा मी त्यांना पकडलंच. आतल्या पट्ट्या चिकटवून झाल्यावर त्यांच्या कडा पटाशीने उतरवायच्या असतात. टोकाकडे उतार, मधे उंची. ते स्वतःच्या गिटारवर हे काम करत होते. एक पट्टी तासली, टकटक केली, पुन्हा तासली, दुसरीकडे वळले, परत पहिलीकडे आले आणि मग अचानक पटाशी खाली ठेवली. मापक नाही, काटा नाही, वही नाही. मी विचारलं, ‘इथेच का थांबलात?’ त्यांनी क्षणभर विचार केला. ‘पाठ दुखायला लागली.’

शिकाऊ माणसाच्या वाट्याला येणारं खरं काम वेगळंच असतं. स्पॅनिश पद्धतीत गिटार पालथी बांधतात. तबली खाली, तोंड साच्याकडे, आणि वरून मान, कडेच्या पट्ट्या, शेवटी पाठ. कडेची दोन मिलिमीटरची पट्टी तबलीला नुसती चिकटणार नाही, म्हणून आतल्या कोपऱ्यात नखाएवढे लाकडी ठोकळे एकेक करून लावतात. एकेक म्हणजे खरोखर एकेक. सरसाचं भांडं गरम पाण्यात बसवलेलं, त्यात ठोकळा बुडवायचा, कोपऱ्यात दाबायचा आणि बोटाने धरून मनात आकडे मोजत बसायचं. सरस गार होऊन धरेपर्यंत बोट हलवायचं नाही. मग शेजारी दुसरा. असे शंभराच्या वर. जनावराच्या कातड्याच्या सरसाचा वास अंगाला बसतो, बसमध्ये लोक सरकून बसतात. पण आधुनिक गोंदापेक्षा त्याचा एक गुण मोठा आहे. पुढेमागे गिटार दुरुस्तीला आली की ऊब आणि ओलावा देऊन जोड सोडवता येतो. आज चिकटवताना पन्नास वर्षांनंतरच्या अनोळखी कारागिराची सोय बघायची, हा शिष्टाचार मला फार आवडला.

आता शिसवीची गोष्ट. पाठीसाठी आणि कडांसाठी लाकूड निवडायची वेळ आली, तेव्हा माएस्त्रोंनी कपाटातून जांभळट काळ्या फळ्यांचा एक जोड काढला आणि म्हणाले, ‘तुझ्या गावचं.’ खरंच आमच्याकडचं. सह्याद्री आणि त्याच्या दक्षिणेकडच्या घाटांतला शिसव. पूर्वी जगभरचे गिटारवाले ब्राझीलचा रोझवुड, म्हणजे शिसवाच्याच कुळातलं लाकूड, वापरायचे. तो मिळेनासा झाला तशी मंडळी आपल्या शिसवाकडे वळली. अमेरिकेच्या मार्टिन या गिटार कंपनीने 1969 साली ही अदलाबदल केली. ब्राझीलच्या झाडाच्या व्यापारावर 1992 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. 2017 मध्ये या कुळातली इतरही झाडं नियंत्रणाखाली आली आणि शिसवाची गिटार सीमेपार न्यायला कागदपत्रं लागू लागली. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती 2019 च्या अखेरीस. मधल्या काळात माएस्त्रोंनी अर्ज भरून भरून इतक्या शिव्या घातल्या की माझं स्पॅनिश सुधारलं.

तर ते लाकूड बघून माझी छाती फुगली. आजोळच्या शिसवी पलंगापासून सुरुवात करून मी बरंच काही बोललो. आमच्या घाटातलं झाड, तुमच्या वाद्याचा आवाज, वगैरे. माएस्त्रोंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तोरेसने 1862 मध्ये एक गिटार केली. तबली नेहमीसारखी, उत्तम. पाठ आणि कडा पुठ्ठ्याच्या.’ का, तर आवाज तबलीत असतो हे दाखवायला. ती पुठ्ठ्याची गिटार बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. त्यावर मी घरी जाऊन शोधाशोध केली, तर आणखीच पंचाईत. 2018 साली इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाठीचं लाकूड तेवढं वेगळं, बाकी सारख्या अशा सहा गिटारी बनवून घेतल्या आणि 52 वादकांना अंधारात, वेल्डिंगचे चष्मे लावून वाजवायला दिल्या. महागड्या लाकडाची आणि साध्या लाकडाची गिटार वादकांना जवळजवळ सारखीच वाटली.

मग तुम्ही शिसव वापरता कशाला, असं मी जरा चिडूनच विचारलं. त्यांची कारणं अशी: नीट वाकतो, हवामान बदललं तरी फारसा हलत नाही, दिसायला देखणा. ‘आणि पुठ्ठ्याची गिटार तू घेशील का?’

वाकतो हे मात्र खरं. गरम लोखंडी नळीवर ओली पट्टी दाबत, सरकवत न्यायची. लाकूड आधी अडून बसतं आणि एका क्षणी हाताखाली सैल पडतं. त्या वाफेला चक्क गुलाबाच्या जवळ जाणारा गोडसर वास असतो. कमरेचा बाक सगळ्यात अवघड, कारण तिथे वळण उलटं फिरतं. तिथेच एकदा खुद्द माएस्त्रोंच्या हातात पट्टी कट्कन मोडली. वर्कशॉपभर शांतता. त्यांनी तुकडे खिडकीपाशी नेऊन मोडलेल्या जागेच्या रेषा पाहिल्या, वहीत एक ओळ लिहिली आणि दुसरी पट्टी पाण्यात घातली.

फ्रेट, म्हणजे मानेवरचे धातूचे पडदे, बसवण्याचं काम मला आवडलं, कारण त्यात गणित आहे. खाली घोडीपासून वर नटापर्यंत, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपर्यंत, तारेची लांबी 650 मिलिमीटर. जुने कारागीर उरलेल्या लांबीचा अठरावा भाग काढत काढत फ्रेट मांडायचे. गॅलिलिओचे वडील विंचेन्झो यांनी 1581 मध्ये हाच 18 चा नियम सांगितला होता. पण त्याने बारावा फ्रेट, जो बरोबर मध्यावर, 325 ला हवा, तो जवळपास अडीच मिलिमीटर आधी येतो. म्हणून आता 18 ऐवजी 17.817 ने भागतात. पहिला फ्रेट मग साडेछत्तीसला थोडा कमी. करवतीचा एक काप चुकला की आयुष्यभर तो स्वर बेसूर. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, सरकवता येतो. इथे सगळं कायमचं. एवढं काटेकोर करूनही तंबोऱ्याच्या सवयीच्या कानाला गिटारचा शुद्ध गंधार चढाच लागतो, पेटीचा लागतो तसाच. बारा स्वर समान वाटून घ्यायचे म्हटल्यावर कोणावर तरी अन्याय होणारच. माएस्त्रोंना मी तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार फोनवर ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि विचारलं, ‘याची जाडी किती?’

शेवटचं काम पॉलिश. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडाचा बोळा, गोल गोल हात. लाखही बहुतेक आपल्याकडूनच जाते. छाती या वेळी फुगवली नाही. पुठ्ठ्याचा अनुभव ताजा होता.

तारा चढवल्या. गिटार दीड किलोच्या आत भरली. माएस्त्रोंनी वाजवून बघितली, वहीत माझ्या गिटारचं पान काढलं आणि शेरा लिहिला. मला वाटलं काहीतरी गोड असेल. होतं ‘जून. परत बघणे.’ नवीन तबली तारांखाली स्थिरावायला वेळ घेते, तोवर मत देत नाहीत म्हणे.

जूनपर्यंत मी थांबलो कुठे? सुट्टी मिळाली तसा गिटार घेऊन भारतात आलो, आणि पाऊस सुरू झाला तेव्हा चिपळूणला सासुरवाडीला होतो. 45 ते 50 टक्के आर्द्रतेत बांधलेलं वाद्य, आणि बाहेर चिपळूणचा जुलै. तिथल्या हवेत मीठ ओलं होतं, पापड वातड होतात, तबलीचं काय विचारता. ती फुगली, तारा फ्रेटपासून वर उचलल्या गेल्या. मी आर्द्रतेच्या घड्याळाचा फोटो माएस्त्रोंना पाठवला. 91. त्यांनी उलट तपासणी सुरू केली. घोडीमागे पट्टी टेकव, फट किती दिसते? तारा बाराव्या फ्रेटवर किती उंच? तारा सैल केल्यास का? गिटारच्या डब्यात ओल शोषणारी पाकिटं टाकलीस का? रोज सकाळ-संध्याकाळ आकडे पाठव.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्यांच्या मते एवढ्या फोनाफोनीची गरजच नव्हती. चुलीच्या वरच्या माळ्यावर त्या वर्षानुवर्षं सुपाऱ्या, बियाणं आणि पावसात सादळणारं सगळं काही ठेवत आल्या आहेत. ‘तुमचा तो डबा द्या वर टाकून, गणपतीपर्यंत टणटणीत राहील.’ मी हे गंमत म्हणून माएस्त्रोंना कळवलं. मला वाटलं, ओरडतील.

दोन मिनिटांत उत्तर आलं: माळ्यावर सकाळी किती, आणि चूल पेटल्यावर किती?