काळी एकवरून काळी चार

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम, गंगापूर रोडच्या एका सोसायटीचं मैदान. माईक तपासणी सुरू असतानाच आयोजक धावत आले. मुख्य गायकांचा घसा पूर्ण बसला होता, ते येणार नव्हते. त्यांच्याऐवजी शहरातल्याच एका गायिका रिक्षातून निघाल्या होत्या. आयोजकांना वाटलं, प्रश्न मिटला. साथीला बसणाऱ्यांसाठी तो तिथून सुरू होतो.

गायकांचा षड्ज, म्हणजे गाण्याचा आधार असलेला सा, हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, काळी एक; येणाऱ्या ताईंचा चौथ्या काळीवर, काळी चार. माझ्या व्हायोलिनच्या चारही तारा प-सा-प-सा अशा काळी एकला लावलेल्या, तबलाही त्याच सुरात. हार्मोनियमवाला दुसरी पट्टी धरतो आणि मोकळा होतो, आम्हाला ती सोय नाही. त्यात नाशिकची नोव्हेंबरातली कोरडी थंडी. लाकूड आकसतं, खुंट्या धरत नाहीत, खडू लावला तरी घसरतात. ऐनवेळी चढवलेली तार स्थिरावायला वेळ मागते, तोवर उतरत राहते.

मग लक्षात आलं, काळी एकचा पंचम, म्हणजे प, म्हणजेच काळी चार. माझ्या पंचमाच्या तारांना षड्ज मानलं, तर षड्जाच्या तारा आपोआप शुद्ध मध्यम, म्हणजे साधा म, होतात. म्हणजे सा-म-सा-म. पंचम नाही आणि मध्यमाचं राज्य आहे असा पहाटेचा राग हवा.

ताई आल्या तेव्हा पंचम असलेल्या अहिरभैरवची तयारी मनात करूनच आल्या होत्या. मी विचारलं, "ताई, आधी ललित चालेल?"

त्यांनी माझ्या तारा ऐकल्या, तबल्यावर एक थाप ऐकली आणि हसल्या. "तबलाही मध्यमातच लागलाय की! चला."

तरी एक अडचण उरलीच. त्यांचा मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकातला सा, माझ्या सर्वांत जाड तारेवर येत होता, त्याखाली व्हायोलिनवर सूरच नाहीत. त्या मंद्र निषादाकडे, म्हणजे त्याखालच्या नीकडे, उतरल्या की मला तो वरच्या सप्तकात वाजवावा लागे. गायकी अंगाच्या साथीत हे नाजूक काम. वरून वाजणारा सूर जरा मोठा झाला, तर गाणाऱ्यावर कुरघोडी केल्यासारखं वाटतं. गज अगदी हलका ठेवला. अशा वेळी मला व्हायोलिनवादक डी. के. दातार आठवतात. त्यांनी गायक द. वि. पलुस्करांना केलेली साथ ऐकावी, किती वाजवायचं नाही ते कळतं. आणि पलुस्करांचा तर जन्मच नाशिकचा, १९२१चा. आमच्या गावात साथ करताना तेवढा धाक हवाच.

विलंबित एकताल छान रंगला. दोन्ही मध्यम लागोपाठ घेताना माझी मोकळी तार आपसूक गुंजत होती. एरवी हे सुख मुद्दाम तार लावून मिळवावं लागतं.

ललितनंतर सत्कार होते. शाल, श्रीफळ, नगरसेवकांचं मनोगत. एरवी या प्रकाराला मी वैतागतो, त्या दिवशी भाषण लांबावं म्हणून देवाची प्रार्थना करत होतो. तेवढ्यात दोन तारा काळी एकवरून काळी दोनला चढवल्या, म्हणजे ताईंचा पंचम मिळाला. तबलजीनेही हातोडीने तबल्याच्या वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकत तोच स्वर गाठला. मग अहिरभैरव, एक नाट्यगीत, शेवटी अभंग. अभंगात वरची तार थोडी उतरली, पण टाळांमध्ये खपून गेली.

तानपुऱ्यावर माझा विद्यार्थी बसला होता, मध्यमा पूर्ण या संगीताच्या परीक्षेची तयारी करणारा. क्लासमध्ये तार लावायला सांगितली की मोबाईल काढून ट्यूनर ॲपच्या सुया बघत बसतो. आज त्याला मोबाईल काढायलाही सवड मिळाली नव्हती. चहा घेताना बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "सर, समजा संध्याकाळची मैफल असती आणि मारवा गायचा असता, तर? त्यात पंचम नाही आणि शुद्ध मध्यमही नाही."

"मग खुंट्या पिळल्या असत्या, दुसरं काय," मी म्हटलं.