उताराचा रिपोर्ट आणि तो एकच रकाना

त्र्यंबक तालुक्यात डोंगराला खेटून शाळेची इमारत व्हायची होती. मागच्या उताराच्या स्थिरतेचा रिपोर्ट माझ्याकडे होता. बोअर झाले, नमुने लॅबला गेले, गणितं झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. फाइल अडकली ती मंजुरीच्या टेबलावर, तक्त्यातल्या 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' या रकान्यापाशी. मी तिथे 'परिशिष्ट पाहा' लिहिलं होतं.

"साहेब, परिशिष्ट कोण उघडतंय? आकडा टाका. दीड किंवा त्याच्या वर असला की फाइल पुढे."

उतार धरून ठेवणारा जोर भागिले त्याला खाली ओढणारा जोर, एवढाच हा आकडा. पण आमच्याकडचा डोंगर म्हणजे काळ्या पाषाणाचे थर, मध्ये कुठे गेरूचा लाल पट्टा, अंगावर मुरूम आणि दगडगोटे. भेगांतून मुरलेलं पाणी गेरूवर येऊन अडतं आणि गेरू भिजला की मऊ पडतो. मुरमाचा अखंड नमुना निघणं मुश्कील, गोटा आडवा येतोच. त्यामुळे कोहेजन, म्हणजे मातीच्या कणांची एकमेकांना धरून राहण्याची ताकद, एका बोअरला एक, शेजारच्याला निम्मं. घर्षणाचा कोन, म्हणजे कण एकमेकांवर घासून घसरणीला किती अडवतात त्याचं माप, त्यामानाने कमी फिरतो. याची सरासरी काढून एकच आकडा देणं मला पटेना. म्हणून मॉन्टे कार्लो लावलं: प्रत्येक वेळी त्या पसाऱ्यातली वेगळी मूल्यं उचलायची, १०,००० वेळा गणित करायचं आणि किती वेळा उत्तर १ च्या खाली जातं, म्हणजे उतार ढासळतो, ते मोजायचं.

"म्हणजे तुम्हालाच खात्री नाही," टेबलावरून उत्तर आलं. आणि फाइल परत.

हे वाक्य मला अजून खुपतं. पुढच्या खेपेला कागदावर दोन उतार काढले. पहिल्याची सरासरी १.५, पण प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ०.३. दुसऱ्याची १.३, विचलन ०.१. नेहमीची घंटेच्या आकाराची विभागणी धरली, तर पहिला ढासळण्याची शक्यता १०० त सुमारे ५, दुसऱ्याची १,००० त एकाच्या जवळपास. तुमच्या नियमाने पहिला पास, दुसरा नापास. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी कागद सुलटा-उलटा पाहिला, चहा मागवला आणि म्हणाले, "बरोबर असेल हो, पण रकाना एकच आहे."

फाइल सोडवली ती वरच्या एका निवृत्तीला आलेल्या अभियंत्यांनी. माझी शक्यता-बिक्यता त्यांनी बाजूला सारली आणि एवढंच विचारलं, "हा दीड कोरड्यातला की भिजल्यावरचा?" माळीण (३० जुलै २०१४) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) दोन्ही पावसातच गेली, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्याच रकान्यात तीन ओळी बसवल्या: कोरडा, अर्धा भिजलेला, पूर्ण भिजलेला. प्रत्येक आकड्यापुढे ढासळण्याची शक्यता. पूर्ण भिजलेल्याच्या ओळीत दीड नव्हताच. म्हणून उताराच्या माथ्यावर चर आणि पोटात आडव्या निचरा-नळ्या, या अटीवर मंजुरी. मला जे हवं होतं ते शेवटी पाण्याच्या नावाने मिळालं. चालेल.

तुम्हाला असा रिपोर्ट करायचा असेल, तर पाण्याच्या पातळीची नळी पावसाळ्याआधी बसवून घ्या. मे महिन्यात बोअर कोरडं निघतं आणि तीच पातळी गणितात जाऊन बसते. जिल्ह्याचा सरासरी पाऊस तर वापरूच नका. इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, सिन्नरला ५००–६००. या दोघांची सरासरी कुठल्याच डोंगरावर पडत नाही. गावातल्या जुन्या माणसांना श्रावणात झरा कुठे फुटतो ते विचारा, गेरूचा पट्टा बहुतेक तिथेच सापडतो. कोहेजन आणि कोन यांचा संबंध बहुधा उलटा असतो, एक वाढला की दुसरा कमी. दोन्ही सुटे धरले तर धोका सहसा जास्तच दिसतो. तसं केलं असेल तर रिपोर्टात लिहा, नाहीतर कोणीतरी हुशार तेवढंच पकडून बसतो. पैसे अपुरे असतील तर सॉफ्टवेअर साधं घ्या आणि एक बोअर वाढवा. मातीचं मुळातलं वैविध्य त्याने कमी होत नाही, आपलं अज्ञान होतं.

हो, आणि नमुन्याच्या नळ्यांची दोन्ही तोंडं मेणाने बंद करून मगच गाडीत ठेवा. त्र्यंबक रोडच्या उन्हात लॅबला पोचेपर्यंत ओल उडून जाते, आणि वाळलेली माती कागदावर उगाच दणकट निघते.