ब्रिस्टलचे दोन दिवस आणि बँकेचे अकरा

राजा राममोहन रॉय यांचं निधन 1833 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला झालं, हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांची समाधी एकदा डोळ्यांनी बघायचीच, असं ठरवलं. लेक रेडिंगला असते, तिथून रेल्वेने ब्रिस्टल टेंपल मीड्स स्टेशन सव्वा-दीड तासावर.

व्हिसाचा ऑनलाइन अर्ज एका संध्याकाळी भरून झाला. अडलं ते माझ्याच बँकेत. ठेवीची मुदत संपून साडेचार लाख एकदम बचत खात्यात जमा झाले होते. अशी मोठी रक्कम कुठून आली हे कागदावर दिसलं नाही, तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. म्हणून शाखेत दोनच गोष्टी मागितल्या: सहा महिन्यांचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणि ठेवीचे पैसे जमा झाल्याचं पत्र. पहिल्या दिवशी प्रिंटर बंद. मग साहेब रजेवर. मग "मॅडम, असल्या पत्राचा नमुना आमच्याकडे नाही, वर विचारलंय." रोज टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं, जेवणाची सुट्टी झाली की घरी यायचं. तेवीस वर्षांचं खातं माझं! शेवटी मीच पत्राचा मजकूर टाइप करून नेला: ठेव क्रमांक, तारीख, रक्कम, खाते क्रमांक. अकराव्या दिवशी सही झाली, पण शिक्का अर्धाच उमटला. म्हटलं, "साहेब, पुन्हा मारा. शाखेचं नाव वाचता आलं पाहिजे." मारला. तो कागद छातीशी धरून घरी आले.

तुम्ही मजकूर पहिल्याच दिवशी घेऊन जा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, आणि बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. बँकेचे दिवस त्यात धरलेले नसतात. रेल्वेचं आगाऊ तिकीट स्वस्त पडतं, पण ते ठरलेल्या गाडीपुरतंच चालतं, म्हणून मी व्हिसा हातात येईपर्यंत काढलं नाही. आणि हो, सातबारा जोडणार असाल तर इंग्रजी भाषांतर हवं, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्काचा तपशीलही.

पहिला दिवस इंजिनिअर ब्रुनेलच्या 'एसएस ग्रेट ब्रिटन' या जहाजाला दिला. 1843 मध्ये ज्या गोदीत ते जलावतरित झालं, तिथेच 1970 मध्ये परत आणलेलं लोखंडी जहाज. जहाजाभोवती पाण्याच्या रेषेवर काच बसवून तिच्यावर पाण्याचा पातळ थर सोडलाय. खाली उतरलं की डोक्यावर पाणी हलतं आणि समोर गंजून भोकं पडलेला तळ. घाई करू नका तिथे.

दुसऱ्या दिवशी आर्नोज व्हेल, राममोहन रॉय यांची समाधी असलेली दफनभूमी. स्टेशनपासून बाथ रोडने पायी गेलो. इंग्रजी थडग्यांमध्ये एकदम आपल्याकडची वाटावी अशी दगडी छत्री, रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर यांनी उभारलेली. मी बूट काढले. लेक म्हणाली, "आई, फरशी बर्फासारखी आहे, घाल ना."

म्हटलं, "पाच मिनिटं थांब."