बोधिसत्त्वाचा हात कोणता?

शाळेच्या महोत्सवी अंकासाठी, शाळेनं मला काय दिलं, असं संपादक मंडळानं विचारलं तेव्हा माझं उत्तर तयार होतं. चित्र समोर ठेवून त्यावर तासन् तास भांडतील असे मित्र दिले. १९८७ च्या दहावीच्या तुकडीतले आम्ही पाच जण. पुढे कुणीच चित्रकार झालं नाही. एक जण सराफ बाजारात वडिलांच्या पेढीवर बसतो, एक बँकेत आहे, आमची मैत्रीण नाशिकजवळ गोवर्धनला द्राक्षबाग सांभाळते, एक परदेशात असतो आणि मी छपाईच्या व्यवसायात आहे. तरी आजही पाच जण एकत्र बसलो की गप्पा फिरून फिरून एखाद्या मूर्तीवर, नाण्यावर नाहीतर जुन्या कॅलेंडरवर येतात. नावं लिहीत नाही, कारण तसं त्यांनीच बजावलंय.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी आपले चित्रकलेचे सर शाळा सुटल्यावर वर्ग उघडा ठेवायचे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असं सगळं रीतसर चालायचं. पण पहिला हात दिल्यावर रंग वाळेपर्यंत थांबावं लागे. आमचं खरं शिक्षण झालं ते त्या थांबण्याच्या वेळात.

नाशिकरोडहून येणाऱ्या मित्राचे वडील प्रेसमध्ये होते. प्रेस म्हणजे नोटा आणि तिकिटं छापणारा सरकारी छापखाना, हे नाशिककरांना सांगायला नको. एकदा हा मित्र वडिलांची तिकिटांची वही घेऊन आला. त्यात १५ ऑगस्ट १९४९ ला निघालेली मालिका होती. नाशिकलाच छापलेली, देशभरातल्या शिल्पांची आणि वास्तूंची सोळा तिकिटं. तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती, सहा पैच्यावर कोणार्कचा घोडा, नऊ पैच्यावर त्रिमूर्ती, दोन आण्यांवर नटराज. पुढे सांची, गोल घुमट, ताजमहाल. कलेच्या इतिहासाचं आमचं पहिलं पुस्तक हेच. प्रत्येक पान नखाएवढं, त्यामुळे डोळे अगदी जवळ न्यावे लागत.

या वहीत एक आण्याची बोधिसत्त्वाची दोन तिकिटं शेजारी शेजारी लावलेली होती. सराफांचा मुलगा लहानपणापासून बारीक नक्षी बघत वाढलेला. तो म्हणाला, “अरे, याचा डावा हात पुढे आहे आणि त्याचा उजवा.” झालं! मूर्ती दोन वेगळ्या की एकच? मी म्हणालो दोन असतील, जोडीनं घडवल्या असतील. गोवर्धनची मैत्रीण मान्यच करेना. दागिने तेच, कमरेचा बाकही तोच, फक्त बाजू बदललेली, असं तिचं म्हणणं. शेवटी तिनंच दोन्ही तिकिटं चिमट्यात पाठीला पाठ लावून धरली आणि खिडकीच्या उजेडात नेली. एकाची बाह्यरेषा दुसऱ्याच्या बाह्यरेषेवर बसली! आम्ही सरांकडे धावलो. सरांनी बघितलं, हसले आणि म्हणाले, “छान. आता यातला खरा कोणता ते शोधून काढा.” एवढंच.

उत्तर पुढे तिकिटांच्या एका सूचीत मिळालं. १९४९ च्या तिकिटावर मूर्तीची बाजू उलटी आली होती. १९५० मध्ये ती सुलटी करून तिकीट पुन्हा काढलं. उजवा हात खरा. रोज प्लेटा आणि प्रूफं तपासताना आजही मी आधी चित्राचा डावा-उजवा बघतो. ती सवय त्या खिडकीपाशी लागली.

मग आम्ही रविवारी सायकली काढून पांडवलेण्यांवर जायला लागलो. त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत, पण आमचा मुक्काम दोनच ठिकाणी पडायचा, दहा नंबर आणि तीन नंबर. दहा नंबरचं लेणं क्षत्रप म्हणजे शक राजा नहपान याचा जावई उषवदात याचं. तीन नंबरचं लेणं त्याच नहपानाचा पाडाव करणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचं. गौतमी बलश्रीनं ते आपला नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी भिक्षूंना दान दिलं. आता दोन्ही लेणी एकापाठोपाठ बघा. पुढे खांबांची ओसरी, आत चौकोनी दालन, कडेनं भिक्षूंच्या खोल्या. मांडणी जवळजवळ सारखी.

“ज्याला हरवलं त्याचीच नक्कल करायची?” नाशिकरोडवाल्याला हे पटतच नव्हतं.

“नक्कल नाही, उत्तर आहे ते,” आताचा बँकवाला म्हणाला. “तुझं होतं त्याहून मोठं माझं.”

“राजा बदलला म्हणून छिन्नी धरणारा हात थोडाच बदलतो?” हे सराफाचं. “कारागीर इथलेच असणार. येतं तेच करणार.”

मग खांब निरखणं सुरू झालं. दहा नंबरमधली घंटेच्या आकाराची शीर्षं उंच, डौलदार आहेत, तीन नंबरमधली आखूड, बसकी. म्हणजे हात पूर्णपणे तेच नव्हते. हा वाद आजही मिटलेला नाही आणि मला स्वतःला बँकवाल्याचं म्हणणं जास्त पटतं. कारण तीन नंबरच्या दर्शनी भागात शिल्पकारानं एक गोष्ट केली आहे जी दहा नंबरमध्ये नाही. ओसरीच्या खाली सहा धिप्पाड यक्ष कोरलेत. छातीपर्यंतच दिसतात, बाकीचे जमिनीत, आणि जाड तुळया खांद्यावर घेऊन अख्खं लेणं उचलून धरल्यासारखे उभे आहेत. डोंगर पोखरून काढलेल्या दालनाला खालून आधार कशाला हवा? काहीही गरज नाही. तरी त्या माणसांनी दगडाला वजन दिलं आणि ते पेलणारे खांदेही दिले. पालखीच्या भोयांसारखे ते यक्ष बघितले की लेणं आत्ता पुढे निघेल असं वाटतं. हे मला एकट्याला कधीच दिसलं नसतं. मैत्रीण खाली पायरीवर बसून म्हणाली, “इथून बघा, खालून,” म्हणून दिसलं.

लेण्यांतल्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी कुणालाच येत नव्हती. शिलालेखांचे अर्थ आम्ही सार्वजनिक वाचनालयात बसून उतरवून घेतले. १८४० सालापासूनचं हे वाचनालय नाशिकच्या मुलांचं केवढं मोठं भाग्य आहे! उषवदातानं भिक्षूंच्या खर्चासाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले होते. २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १००० वर शेकडा पाऊण. त्यातून वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करणाऱ्या, भिक्षूंना वस्त्रं. गोवर्धन! मैत्रीण रोज ज्या गावाहून शाळेत यायची ते गाव जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर. ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

नहपानाचं पुढे काय झालं, हे सराफानं सांगितलं आणि तेही नाण्यांवरून. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, पण त्यातल्या दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा छाप पुन्हा मारलेला. वाचनालयातल्या पुस्तकातलं छायाचित्र त्यानं भिंग धरून दाखवलं. राजाचा चेहरा आहे आणि त्यावरच ठोकलेला तीन कमानींचा डोंगर. त्याखालून जुन्या राजाचं नाक नाहीतर कान डोकावतो. “वितळवायला भट्टी, कोळसा, वेळ लागतो, घट येते,” तो म्हणाला. “ठसा ठोकला की नाणं त्याच दिवशी बाजारात.” राजकारण असं चांदीवर वाचता येतं, हे आम्हाला चौदाव्या-पंधराव्या वर्षी कळलं आणि तेही एका सराफाच्या मुलाकडून.

त्याच्याच माजघरात रविवर्म्याची लक्ष्मी होती. दगडावरून छापलेलं ते रंगीत चित्र, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. त्यावर त्याच्या आजीनं साडीच्या काठाला खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. मैत्रिणीच्या मते चित्र बिघडवलं होतं, माझ्या मते पूर्ण केलं होतं. आज छपाईत इतकी वर्षं काढल्यावर मी आणखी ठामपणे आजींच्या बाजूनं आहे. छापलेल्या हजारो प्रतींपैकी ती एक प्रत त्यांनी आपली केली. अशी चित्रं छापणाऱ्या रविवर्मा प्रेसमध्ये त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके काही काळ काम करत होते. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. देवादिकांची चित्रं घरोघर पोचवणाऱ्या कारखान्यातून निघालेल्या माणसानं पुढे तीच चित्रं पडद्यावर हलवली, ही संगती जोडल्यावर आम्हाला किती आनंद झाला होता! फाळक्यांचं स्मारक आज पांडवलेण्यांच्याच पायथ्याशी आहे.

नाशिकरोडवाला आता युरोपात असतो. मागे तो व्हिएन्नाच्या संग्रहालयात गेला आणि ब्रॉयगेलच्या १५६५ सालच्या ‘बर्फातले शिकारी’ या चित्राचे फोटो आमच्या ग्रुपवर टाकत राहिला. वाचनालयातल्या पुस्तकात हे चित्र आम्ही पोस्टकार्डाएवढं बघितलं होतं. तेव्हा दिसले होते ते पाठमोरे दमलेले शिकारी, कुत्री आणि खाली गोठलेल्या तळ्यावरची गर्दी. आता डावीकडची सराईची पाटी दिसली. एक कडी निसटून वाकडी लोंबकळतेय. तिच्याखाली माणसं जाळ करतायत आणि एका शिकाऱ्याच्या पाठीवर फक्त एक कोल्हा आहे. “एवढे जण, एवढी कुत्री आणि शिकार एवढीच!” बँकवाल्यानं लिहिलं. मैत्रिणीनं बागेतूनच उत्तर पाठवलं, “म्हणून तर माना खाली आहेत.” मग रात्री उशिरापर्यंत कुणी झोपलं नाही.

सरांनी आम्हाला कधी कलेच्या इतिहासावर व्याख्यान दिलं नाही. वर्ग उघडा ठेवला, आमचा आवाज चालवून घेतला आणि उत्तर घाईनं सांगितलं नाही. या महोत्सवाच्या निमित्तानं आम्ही पाच जण चित्रकलेच्या वर्गासाठी पुस्तकांचं एक कपाट, दोन चांगली भिंगं आणि ती तिकिटांची वही देतोय. मित्राच्या वडिलांनीच ती द्यायला सांगितली. मुख्याध्यापकांना आमची विनंती एवढीच, की शाळा सुटल्यावर तासभर तो वर्ग उघडा असावा आणि कपाटाला कुलूप नसावं. वही हाताळून फाटली तरी चालेल. एक आण्याची दोन्ही तिकिटं एकाच पानावर आहेत आणि उत्तर आम्ही वहीत कुठेही लिहिलेलं नाही.