मौर्य साम्राज्याचा नकाशा : रंग कुठपर्यंत भरायचा?

५ जानेवारी

सातवाहनकालीन घाटवाटांचे नकाशे पूर्ण झाले, आता मौर्य घेतले आहेत. ए-१ आकाराचा ३०० जीएसएमचा कागद उभा लावला आहे. प्रमाण १ : ५०,००,०००, म्हणजे १ सेंमीला ५० किमी. वायव्येला कंदाहार, पूर्वेला गंगेचं मुख, खाली ताम्रपर्णी म्हणजे श्रीलंका, एवढं सगळं या प्रमाणात आरामात मावतं. नद्या आणि डोंगर पेन्सिलीने उतरवून झाले. आजच्या सीमा, आजची धरणं, यांतलं काहीही नाही.

१९ जानेवारी

पहिला कागद गेला. शाळेच्या पुस्तकात पाहिला होता तसा हिंदुकुशपासून म्हैसूरपर्यंत गुलाबी वॉश (पाण्यात कालवलेल्या रंगाचा सलग हात) एका बैठकीत दिला. कागद नीट ताणलेला नव्हता, मध्यभागी फुगवटे आले आणि दख्खनच्या पठारावर रंग साचून डाग पडले. दुसरा कागद रात्रभर भिजवून, फळीवर गमटेपने ताणून दोन दिवस वाळवला. या मधल्या दोन दिवसांत एक प्रश्न डोक्यात बसला तो अजून उठलेला नाही. तो गुलाबी रंग मी कशाच्या आधारावर भरत होते?

म्हणून ठरवलं, आधी रंग नाही. आधी फक्त अशोकाचे लेख जिथे सापडले ते ठिपके. मोठ्या शिलालेखांना (म्हणजे क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या चौदा लेखांच्या मालिकेला) भरीव लाल ठिपका, लघुशिलालेखांना पोकळ वर्तुळ, स्तंभांना चौकोन.

२ फेब्रुवारी

ठिपके देताना ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी एक सूचना. दिल्लीत दोन स्तंभ आहेत, पण ते दिल्लीवर मांडू नका. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात एक टोपऱ्याहून आणि दुसरा मेरठहून उचलून आणला. चौकोन टोपरा आणि मेरठ इथेच. अलाहाबादचा स्तंभही मूळचा कौशांबीचा असावा असं मानतात, म्हणून तिथला चौकोन मी तुटक रेघेने काढला.

चौकोन लागले आणि चित्र आपोआप दिसू लागलं. सांचीचा एक सोडला तर स्तंभ जवळपास सगळे गंगा-यमुनेच्या खोऱ्यात आणि नेपाळच्या तराईत. मोठे शिलालेख मात्र कडेला : शाहबाझगढी, मानसेहरा, काल्सी, गिरनार, सोपारा, धौली, जौगड, सन्नती, एर्रागुडी. एखाद्याने मुद्दाम घराच्या कुंपणाला पाट्या लावाव्यात तसे. लघुशिलालेखांचा सर्वांत मोठा घोळका कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबात आणि त्याच्या थोडं खाली : मस्की, गवीमठ, पालकीगुंडू, नित्तूर, उडेगोळम, ब्रह्मगिरी. हट्टीची सोन्याची खाण मस्कीहून फार लांब नाही, आणि ब्रह्मगिरीच्या लेखात ज्या ठाण्याहून आज्ञा आली त्याचं नावच सुवर्णगिरी आहे. दक्षिणेत एवढ्या लांब मौर्य कशासाठी उतरले याचं निम्मं उत्तर मला या वर्तुळांत दिसतं.

१६ फेब्रुवारी

रविवारी सोपाऱ्याला जाऊन आले. नकाशावर ठिपका देण्याआधी एकदा तरी पाय लागावेत अशी इच्छा होती. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला, त्याच वर्षी आठव्या लेखाचा तुकडा त्यांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात सापडला. शिळा पाहायच्या तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं लागतं. मी आधी तिथे गेले होते. अक्षरं बोटभर उंचीची, काही ओळी निम्म्यातच तुटलेल्या. पाटलीपुत्रात बोललेलं वाक्य समुद्राच्या काठावर, आपल्या लोकलच्या एका स्टेशनाजवळ, दगडावर येऊन उतरलं. काचेसमोर उभी असताना डोळे भरून आले.

२ मार्च

आजचं काम दोऱ्याचं. पाटणा ते धौली सरळ १२ सेंमी, म्हणजे ६०० किमी. पाटणा ते सोपारा साधारण २९ सेंमी. ब्रह्मगिरी ३० सेंमीच्या आसपास. कंदाहार ४० सेंमी. पण माणूस सरळ रेषेत चालत नाही, म्हणून भिजवलेला दोरा उत्तरापथावरून, म्हणजे उत्तरेच्या प्राचीन राजमार्गावरून, वळवला : काशी, कौशांबी, मथुरा, तिथून पंजाबच्या नद्या ओलांडत तक्षशिला, पुढे काबूलच्या खोऱ्यातून कंदाहार. दोरा ५३ सेंमी भरला, २,६०० किमीच्या वर. दिवसाला ३० किमी धरले तर जवळजवळ तीन महिने. घोड्यांच्या टप्प्यांनी बातमी लवकर पोचेल, पण सैन्य, हत्ती आणि धान्याच्या गाड्या पोचणार नाहीत. मध्ये पावसाळा आला तर पंजाबच्या नद्यांवर सगळं थांबणार.

सहाव्या लेखात अशोक म्हणतो की मी जेवत असेन, अंतःपुरात असेन, कुठेही असेन, प्रजेच्या कामाची वार्ता मला कोणत्याही वेळी कळवा. हे वाक्य मी अनेकदा वाचलं होतं. आज दोरा हातात धरून वाचलं तेव्हा त्यातली निकड कळली. राजा रात्री उठून बसायला तयार आहे, पण कंदाहारची वार्ताच शिळी होऊन येणार आहे. त्यावरचा त्याचा उपाय कलिंगातल्या, म्हणजे आजच्या ओडिशातल्या, चौदा लेखांहून वेगळ्या लेखात आहे. तो स्वतः दर पाच वर्षांनी अधिकारी फेरीवर पाठवणार. उज्जैनीचा कुमार मात्र तीन वर्षांपेक्षा जास्त काळ जाऊ देणार नाही, आणि तक्षशिलेहूनही तसंच. म्हणजे दूरचा कारभार दुसऱ्या केंद्रांवर सोपवल्याशिवाय चालणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. नकाशात मी तक्षशिला, उज्जैनी, तोसली (कलिंगातलं केंद्र) आणि सुवर्णगिरी यांना दुहेरी वर्तुळं दिली आहेत. सुवर्णगिरीची नेमकी जागा वादात आहे, म्हणून तिथे तुटक वर्तुळ.

२३ मार्च

कलिंग. यावर तीन आठवडे अडकले होते.

अंतर हीच मर्यादा असती तर कलिंग सर्वांत सोपं असायला हवं होतं. कंदाहारच्या ४० सेंमीपुढे धौलीचे १२ सेंमी म्हणजे काय! तरी कंदाहारकडचा प्रदेश चंद्रगुप्ताला इ.स.पू. ३०३ च्या सुमारास अलेक्झांडरचा सेनापती सेल्यूकस याच्याबरोबरच्या तहात ५०० हत्तींच्या बदल्यात मिळाला, आणि दाराशी असलेलं कलिंग घ्यायला अशोकाला युद्ध करावं लागलं. तेराव्या लेखातले आकडे त्याचे स्वतःचे आहेत : दीड लाख माणसं हलवली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली. राज्याभिषेकाला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

आणि हा तेरावा लेख कलिंगातल्याच धौलीत नाही, जौगडातही नाही. अकरा ते तेरा गाळून तिथे दोन वेगळे लेख कोरले आहेत. ‘सर्व माणसं माझी लेकरं’ हे वाक्य तिथलं. दुसऱ्या वेगळ्या लेखात तो न जिंकलेल्या सीमेपलीकडच्या लोकांना सांगतो की त्यांनी त्याला भिऊ नये. पश्चात्ताप दूरच्या शाहबाझगढीला आणि कंदाहारला ग्रीकमध्येसुद्धा वाचायला मिळत होता, ज्यांची माणसं मेली त्यांना मात्र नाही. यात मला शासनकर्त्याची सावधगिरी दिसते. नुकत्याच जिंकलेल्या मुलखात राज्य किती पातळ आहे हे त्याला ठाऊक होतं. कलिंगाला मी तिरप्या रेघा दिल्या आहेत, भरीव रंग नाही.

६ एप्रिल

आता मधली जागा. सोपारा, सन्नती आणि धौली असा त्रिकोण काढा. त्यात आणि त्याच्या वरच्या कडेला काय आहे? नागभीडजवळच्या देवटेकचा झिजलेला ब्राह्मी लेख वा. वि. मिराशींनी अशोकाच्या काळातला मानला. (त्याच शिळेवर पुढे वाकाटक रुद्रसेनाने स्वतःचा लेख कोरला.) तो सोडला तर आपल्या पठारावर आणि बस्तरच्या जंगलात लाल ठिपका नाही. लेखांत नावं आहेत : रठिक, पितिनिक, भोज, पुलिंद. राज्याच्या आत असलेले, पण आपल्या नावाने ओळखले जाणारे लोक. आणि अटवी, म्हणजे अरण्यातले लोक. त्यांना तेराव्या लेखात क्षमेबरोबर धमकीही आहे, पश्चात्ताप झाला तरी राजाच्या अंगी बळ आहे, ही. अहिंसेमुळे साम्राज्य मऊ पडलं असं म्हणणाऱ्यांनी ही ओळ वाचावी.

त्यामुळे माझा निर्णय असा : बाहेरची एक सलग सीमारेषा काढायची नाही. गंगेच्या खोऱ्यात गडद रंग, चार केंद्रांभोवती मध्यम, त्यांना जोडणाऱ्या वाटांवर पातळ पट्टे, बाकी कागद कोरा. साम्राज्याच्या कडा बाहेर होत्या तेवढ्याच आतही होत्या. चौदाव्या लेखात तो स्वतःच सांगतो, ‘महालके हि विजितं’, राज्य विशाल आहे, पुष्कळ लिहिलं आहे आणि आणखी लिहवीन. त्याच लेखात पुढे कबुली आहे की काही ठिकाणी लेखकाच्या चुकीने अपुरं लिहिलं गेलं. माझ्या कोऱ्या जागांना याहून चांगला आधार मला सापडला नसता.

२० एप्रिल

रंगकाम संपलं. गडद भागासाठी गेरूचे चार पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. वाटांसाठी एकच हात, बारीक सेबल ब्रशने.

खर्चाची बाजू नकाशात कशी दाखवावी ते मात्र सुटलेलं नाही. रोमन लेखक प्लिनी पाटलीपुत्राच्या राजाचं सैन्य ६ लाख पायदळ, ३०,००० घोडेस्वार आणि ९,००० हत्ती इतकं सांगतो. आकडा फुगवलेला असेल असं मला वाटतं, पण निम्मा धरला तरी ते पोट गंगेच्या खोऱ्यालाच भरायचं होतं. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पंचमार्क (ठसे मारलेली प्राचीन चांदीची) नाणी तराजूत एकेक तोलून पाहिली, आणि उत्तर मौर्यकाळातल्या नाण्यांत वाढलेलं तांबं हे तिजोरीवरच्या ताणाचं लक्षण मानलं. नाणी जमवणाऱ्या मंडळींनी हे तोलण्याचं काम जरूर वाचावं, त्यातली चिकाटी पाहून मला माझा दोरा फार सोपा वाटला.

४ मे

शेवटचं काम म्हणजे वर ठेवायचा ट्रेसिंग पेपर : अशोकानंतरची पन्नासेक वर्षं. इ.स.पू. २०६ च्या सुमारास सेल्यूकसच्या वंशातला राजा तिसरा अँटिओकस हिंदुकुश ओलांडून आला तेव्हा काबूलच्या बाजूला सोफागसेनस नावाचा भारतीय राजा होता. त्याच्याकडून हत्ती घेऊन तो परत गेला. हे नाव मौर्यांच्या पौराणिक याद्यांत या रूपात मिळत नाही, म्हणून तिथे निळा ठिपका. इ.स.पू. १८५ च्या सुमारास सेनापती पुष्यमित्राने शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला सैन्यासमोर मारलं, त्याची खूण पाटलीपुत्रावर.

मग लाल शाई घेतली, अशोकाच्या वारसांचे लेख मांडायला. त्याच्या नातवाचे, दशरथाचे, गयेजवळच्या नागार्जुनी टेकडीवर आजीवकांना (एका श्रमण पंथाला) दिलेल्या तीन गुहांमधले लेख आहेत. लेख न सापडणं म्हणजे राज्य नसणं असं मी म्हणत नाही, आणि तशी टीप नकाशाच्या कोपऱ्यात लिहिली आहे. पण ट्रेसिंग पेपरवर लाल ठिपका एकच पडला, पाटण्यापासून दीड सेंमीवर.